गुणवंतरावांचा खोकला

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो, आणि त्या हंगामात गुणवंतरावांसारखा खलनायक वडशाच्या आसपास दुसरा नव्हता. धान कापून झालं की हा शेतकरी मिशी चिकटवून रंगमंचावर चढायचा आणि असा गडगडाटी हसायचा, की पुढं बसलेली पोरं आईच्या पदरात तोंड खुपसत. त्या हसण्यासाठीच लोक तिकीट काढत. नाटकाची गोष्ट काय होती, ती घरी जाईस्तोवर कुणाला आठवत नसे.

मागच्या पावसाळ्यात त्यांना चक्कर आली आणि बीपी वाढलेला निघाला. आरोग्य केंद्रातून रोजची एक गोळी सुरू झाली. पण दर महिन्याला गोळ्या आणायला जायचं त्यांच्या जिवावर येई. तेव्हा अंकुश पुढं झाला. अंकुश त्यांचा गेल्या वीस वर्षांपासूनचा चेला. नाटकात त्यांच्यामागं दांडका घेऊन उभा राहणारा गुंड, एरवी घरचाच माणूस. त्यालाही बीपी होताच.

"मी माह्या गोळ्या आणाले जातोच, भाऊ. तुमच्याबी आणतो."

नुसत्या आणून देत नव्हता, घेतली का म्हणून रोज विचारायचाही. गुणवंतराव गावभर सांगत, पोटचा पोरगा एवढं करत नाही.

काही दिवसांनी त्यांना खोकला लागला. कोरडा, घसा खाजवणारा, कफाचं नाव नाही. हळदीचं दूध झालं, काढे झाले. हंगामातल्या पहिल्याच प्रयोगात हसायला तोंड उघडलं आणि ढास लागली. प्रेक्षक हसले. खलनायकाला लोक हसले की त्याचा कारभार आटोपला.

अंकुशनं पाठीवरून हात फिरवला. "गळा थकला जी तुमचा. या साली आराम करा. पण गोळी सोडू नोका, जिवाशी खेळ नाई."

नाटक मंडळीच्या मालकानं खलनायकाची भूमिका अंकुशला दिली. गुणवंतरावांनी स्वतःच्या हातानं त्याला मिशी चिकटवली, आपलं हसू शिकवलं. मन मोठं केलं ना त्यांनी.

हंगाम सरला तरी खोकला जाईना. त्यांच्या बायकोला, शकुबाईला, टीबीची धास्ती. ती त्यांना ओढतच केंद्रात घेऊन गेली. बेडका तपासला, छातीचा फोटो काढला, काही निघालं नाही. मग करिश्मा सिस्टरनं गोळ्यांचं पाकीट मागितलं.

"हा या गोळीचा खोकला व्हय, भाऊ. हे गोळी रक्ताच्या नळ्या ढिल्या करते, म्हून दाब उतरते. पण काई जणाईच्या घशात खाज आणते. डॉक्टरसाहेब दुसरी लिहून देतीन, खोकला जाईन. आधी काऊन नाई सांगतलं?"

"मले का मालूम, गोळीनं खोकला येते म्हून?"

"अंकुशभाऊले मी दरखेपी विचारो, तुमाले खोकला-बिकला हाय का. ते म्हणे, काई नाई, ठणठणीत हायेत." सिस्टरनं पाकीट उलटून पाहिलं. "त्याईलेबी असाच खोकला झाला होता. मागच्या साली आमी त्याईची गोळी बदलली."

गोळी बदलली आणि महिन्याभरात खोकला पळाला. शकुबाई देवाला नारळ फोडून आली. गुणवंतरावांना मात्र घास गिळवेना. वैऱ्यानं केलं असतं तर चार शिव्या हासडून ते मोकळे झाले असते. पण हा त्यांच्या ताटात जेवलेला माणूस. त्याची ती रोजची काळजी त्यांना आठवत राही, आणि आपण भोळसटासारखे गावभर त्याचं कौतुक करत फिरलो, याची लाज वाटे ती वेगळीच.

शेवटी ते त्याच्या अंगणात जाऊन उभे राहिले. अंकुश मोहफुलं वाळत घालत होता.

"तुले मालूम होतं?"

अंकुशनं मान वर केली नाही. "होतं."

"मले मांगून तर पाह्यचं होतं. एक प्रयोग मी तुले देला असता."

"एक नोको होता मले," अंकुश म्हणाला, आणि फुलं पसरत राहिला.

गुणवंतरावांचा गळा साफ होता, खोकल्याचा मागमूस नव्हता. तरी एकही शिवी न हासडता ते आल्या पावली परत फिरले.