बाळंतशोपांचा चहा

गाव सोडलं त्या दिवशी मी चुकीच्या गाडीत बसलो. रेल्वेच्या ऑफिसात नोकरी लागून नांदेडला निघालो होतो. शिरूर अनंतपाळच्या स्टँडवर माय डोळ्याला पदर लावून उभी, मलाही भरून आलेलं. पाटी कोण वाचतो! गाडी हलली तसे अण्णा शेजारून पळायला लागले. बापाच्या पोटात एवढी माया होती तर, असं वाटून मी आणखी जोरात हात हलवला. ते ओरडत होते, "अरे येड्या, ही निलंग्याची हाय! उतर!"

तेव्हापासून मी कुठंही निघालो की माय बजावते, "पाटी वाचून बस रं." गावाकडं राहिलेल्यांनो, तुम्ही अजून ही गोष्ट सांगून हसता. आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, खरं सांगा, अशी एखादी निलंग्याची गाडी तुमच्याही नावावर असेलच की.

आता नांदेडात फ्लॅट आहे, पार्किंग आहे आणि खुर्चीवर बसून कमावलेलं पोटही आहे. गेल्या उन्हाळ्यात त्या पोटात आतड्याला पीळ पडला. ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी येऊन विचारलं, "गॅस पास झाला का?" मी गुंगीत. अर्धा जन्म लोकांचे रेल्वेपास काढण्यात गेलेला. म्हणालो, "अर्ज वर गेलाय मॅडम, साहेबांची सही राहिलीय."

माझी बायको सुनंदा खदखदून हसली. बाईही हसल्या, मग हळूच म्हणाल्या, आतडं जागं झालं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, कदाचित पोट पुन्हा उघडावं लागेल. सुनंदाचं हसू तिथंच विरलं.

माय गावाहून सुनंदाला सारखी फोन करायची. "गाडी हलली का गं?"

"न्हाई ना, आत्याबाई."

शेवटी मायनं हुकूमच सोडला. "बाळंतिणीला देतो तसं दे त्याला. बाळंतशोपा अन् चिमूटभर ओवा उकळ, गाळ, कोमट घोट घोट पाज."

"आत्याबाई, ते काय बाळंत झालेत का?"

"पोट तर फाडलंय न्हवं?"

ऑफिसातल्या दोस्तांनी हर्बल टीचा झकपक डबा आणला होता. तो तसाच राहिला. सुनंदानं डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "पाण्याचे घोट सुरूच आहेत, हेही थोडं चालेल. पण त्याला औषध समजू नका. काकांना चालवा."

पहिल्या घोटाबरोबर थोरल्या बहिणीच्या बाळंतपणाची खोली नाकात शिरली. शेगडी, धुरी, आणि "पुरुषांनी आत यायचं न्हाई" म्हणून मला हाकलणारी माय. आता तोच चहा मी पीत होतो, तिच्याच हुकमानं! मग सलाईनची दांडी धरून व्हरांड्यात निघालो. खिडकीपाशी पोचलो आणि झालं. चोरून होण्यासारखं नव्हतंच ते. शेजारच्या खाटेवरचे सरदारजी आतून ओरडले, "मुबारक हो, काका!"

श्रेय चहाचं की चालण्याचं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तुझं घर शिरूरला की नांदेडला, असं कुणी विचारलं की मी गडबडायचो. आता वाटतं, माझ्या आतड्याच्या खबरीसाठी जिथं कुणी फोन उशाशी घेऊन बसलंय तेही घर, आणि जिथून ती खबर जाते तेही.

सुनंदानं डोळे पुसत फोन लावला. "आत्याबाई, सुटली गाडी! न्हाई, न्हाई, निलंग्याची न्हाई. घराकडंचीच हाय. पाटी मी वाचली."