साळवेबाईंचे हयात लोक

साळवेबाई कुठल्याही दारात उभ्या राहिल्या, की आतला माणूस जिवंत आहे असं धरूनच बोलत. "वर्माजी को बुलाइए, उनकी तबियत देखने आए हैं." वर्माजी जाऊन सहा महिने झाले असले, तर घरातलं कोणीतरी ते सांगे. मग बाई चप्पल काढून आत जात आणि तासभर बसत. "मेल्याची चौकशी दारात करायची नसते गं," हा त्यांचा पहिला धडा.

तो मी शिकले फजिती झाल्यावर. नव्वदीच्या दशकात मी सांगलीहून संख्याशास्त्राची पदवी मिरवत दिल्लीच्या एका मोठ्या इस्पितळात लागले. हृदयविकाराच्या वॉर्डातून घरी गेलेल्यांपैकी वर्षभराने कोण हयात आहे, हे आम्हाला शोधायचं होतं. बाई मूळच्या नगरच्या, ख्रिस्ती, त्याच वॉर्डात तीस वर्षं सिस्टर. आता माझ्या जोडीला. आर. के. पुरमच्या एका सरकारी क्वार्टरचं दार अर्धवट दाढी केलेल्या गृहस्थांनी उघडलं आणि मी फॉर्मवरचा पहिला प्रश्न धडाधड वाचला, "पेशंट ज़िंदा हैं?"

"आपको क्या लगता है?" गृहस्थ म्हणाले. पेशंट तेच होते. बाई जिन्याचा कठडा धरून हसत सुटल्या. त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी सरोजिनी नगरपर्यंत रुसले होते.

पुढे खरी अडचण आली. चाळीसेक माणसं काही केल्या सापडेनात. क्वार्टरमध्ये भलतीच कुटुंबं राहायला आलेली. आमचे सर पंजाबी, हुशार आणि घाईचे. ते म्हणाले, "जो नहीं मिले, उन्हें मृत मान लो." असं करायची पद्धत आहे, म्हणून मीही मान डोलावली. पण दाखल होताना वय, नाडी, किडनीचे रिपोर्ट बघून आम्ही प्रत्येकाला धोक्याचे गुण दिले होते, आणि न सापडलेल्यांत जास्त गुणांची म्हातारी माणसंच अधिक होती. ती सगळी मेली असं धरलं, तर इतके गुण असलेलं कोणी वाचतच नाही असं दिसणार होतं आणि यापुढे अशांना आयसीयूत खाट द्यायची नाही, असा नियम होणार होता. मसुदा टाइप होऊन सरांच्या टेबलावर पडला होता.

बाई तापल्या. "सर, रिटायर होने पर क्वार्टर छोड़ना पड़ता है, दुनिया नहीं." सरांनी एका महिन्याची मुदत दिली.

तेव्हा सगळी दिल्लीच बाहेर सरकत होती. नोएडात, गुडगावात, यमुनेपलीकडे सोसायट्या उठत होत्या आणि निवृत्त माणसं तिकडे बिऱ्हाडं हलवत होती. जुन्या शेजाऱ्यांना नवा पत्ता विचारला की, "उधर कहीं, जमुना पार." बाई पत्ता विचारतच नसत. त्या विचारत, "गृहप्रवेश में कौन गया था?" कोणीतरी गेलेलं असेच. मग बस कुठली, पाण्याच्या टाकीपासून वळायचं कुठे, पुऱ्या कशा गार झाल्या होत्या, सगळं निघे. "आमच्यात नव्या घरात प्रार्थना ठेवतात, पण जेवण असतंच," बाई म्हणत. "माणूस पत्ता विसरतो, जेवण विसरत नाही."

महिनाभर आम्ही धूळ खात हिंडलो. सगळेच हयात नव्हते. काही घरांत बाई तशाच तासभर बसल्या आणि मी फॉर्म पिशवीत ठेवून त्यांच्याशेजारी बसले. पण बरेच जण होते! सर्वांत जास्त गुण भटनागरांचे. माझ्या लेखी ते गेल्यातच जमा. आम्ही पोचलो तेव्हा ते यमुनेपलीकडे मयूर विहारमधल्या घराच्या गच्चीवर टीव्हीचा अँटेना फिरवत होते आणि खाली बायकोला ओरडून विचारत होते, "आया? अब आया?" बाईंनी आधी त्यांची नाडी पाहिली, मग गच्चीवर चढल्याबद्दल त्यांना झापलं आणि मग माझ्याकडे बघून पोरीसारख्या हसल्या. इतका आनंद मला परीक्षेत पहिली आले तेव्हाही झाला नव्हता.

सरांनी नवे आकडे दोनदा तपासले. माणूस प्रामाणिक; मसुद्यातली ती ओळ त्यांनी आपल्याच पेनने खोडली. पुढच्याच आठवड्यात पंचाहत्तरीच्या एक आजी आल्या. गुण भरपूर. नियम झाला असता तर बाहेर व्हरांड्यात राहिल्या असत्या. त्यांना आयसीयूत खाट मिळाली. मी काचेतून बघत उभी होते. "बघतेस काय?" बाई म्हणाल्या. "त्यांच्या मुलाकडून पत्ता लिहून घे. वर्षाने जायचंय."

वर्षाने मी एकटीच गेले. बाई निवृत्त होऊन नगरला गेल्या होत्या. आजींच्या घरून निघाले आणि थेट एसटीडी बूथ गाठला आणि नगरला फोन लावला.

"बाई, आजी आहेत."

पलीकडून बाईंनी लगेच विचारलं, "काय करत होत्या?"

"सुनेशी भांडत होत्या. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून."

"मग ठणठणीत आहेत," बाई म्हणाल्या. बूथबाहेर रांग खोळंबली होती आणि आम्हा दोघींपैकी कोणीच फोन ठेवत नव्हतं.