नखभर सरकणारी होडी

बाबा छातीच्या दुखण्यातून उठले आणि डॉक्टरांनी त्यांना जड ओढायला कायमची बंदी घातली. बाबांनी शहाण्यासारखी मान हलवली. तेव्हाच मला शंका आली, कारण त्यांनी कुणाचं इतक्या पटकन कधी ऐकलेलं नाही.

मासेमारी बंद व्हायची वेळ आली की आमच्या दांडी गावात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. बाबा कायम दोराच्या पुढच्या टोकाला, आणि 'हैय्या हो'ची हाळीही त्यांचीच. यंदा आपली होडी इतरांनी ओढायची आणि आपण खुर्चीत बसून बघायचं, या विचारानेच त्यांचं जेवणावरचं मन उडालं. "आमी काय पावणे हाव?" एवढंच म्हणायचे आणि ताट सरकवायचे. मला फार वाईट वाटायचं.

मी पालघरला शाळेत विज्ञान शिकवते. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग, हे फळ्यावर लिहून लिहून खडू झिजले, पण घरी त्याचा कधी उपयोग झाला नव्हता. बाबांची शक्ती आता थोडी. पण घाई सोडली, तर तेवढ्याच शक्तीत बल हवं तेवढं मिळतं! माझा भाऊ बोईसरला कारखान्यात आहे. त्याने तिथली चेनपुली मागून आणली आणि सुरूच्या बुंध्याला बांधली. हातभर साखळी ओढली की होडी जेमतेम नखभर सरकते.

आई कमरेवर हात ठेवून उभी. "छातीला हात गेला का, तुमालाच त्या सुरूला बांधीन."

बाबा सावकाश साखळी ओढू लागले. जमलेल्यांना काहीच काम नव्हतं. पण होडी वर चढतेय आणि आपलं तोंड बंद, हे आमच्या गावात कुणाला जमायचं? बाबांच्या प्रत्येक ओढीला सगळे जीव तोडून "हैय्या हो" ओरडले. होडी नखभर. पुन्हा ओरडले, पुन्हा नखभर. होडीच्या सावलीत झोपलेल्या कुत्र्याने डोळासुद्धा उघडला नाही. दुपारपर्यंत एकूणएक घसे बसले आणि घरोघरून सरबत आणावं लागलं.

उन्हं कलताना होडी जागेवर आली. ओरडणारे वाळूत आडवे झाले होते. आईने पदराने बाबांचं कपाळ पुसलं, ते कोरडंच होतं.

"कोनी वडली रं होडी?" बाबांनी मोठ्याने विचारलं. उत्तर द्यायला कुणाला आवाजच उरला नव्हता.

"तुमी," आई म्हणाली. "आता चला जेवायला."