वर्षाच्या आईला मी जे सांगितलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पूजाला तर नाहीच. मन हलकं व्हावं म्हणून सांगतेय असं समजू नका — हलकं व्हायचा मला काय हक्क? मला राग येतो. सात वर्षं येतोय. आणि तो कुणाचा, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

मी खेळाची शिक्षिका. हिंगोलीजवळच्या गोरेगावात मैदानावर सकाळी पोलीस भरतीच्या पोरींचा सराव घेते. त्या वर्षी बारा-तेरा पोरी होत्या. त्यांत माझी लेक पूजा होती, आणि तांड्यावरची वर्षा. एकोणीस वर्षांची. आली तेव्हा नुसती काटकुळी. पण उठाबशा, गोळाफेक, चढावर धावणं — सांगेन त्याच्या दुप्पट करायची. सहा महिन्यांत खांदे भरले, दंड टणक झाले. आठशे मीटरला ती पूजाला पाव फेरीनं मागं टाकू लागली.

मला त्याचा अभिमान वाटायला हवा होता, नाही का? मी घड्याळ बघायचे आणि माझे दात आवळले जायचे.

मग बायका बोलू लागल्या. पोरगी गड्यावानी दिसून राहिली. म्याडम सुया टोचत असतील.

आता ऐका, कारण गुन्हा इथं आहे. खरं काय ते मला माहीत होतं. प्रशिक्षणात शिकले होते आणि मीच पोरींना मैदानावर बसवून समजावलं होतं — ज्याला लोक पुरुषी हार्मोन म्हणतात, ते बाईच्याही अंगात असतं. ते नुसतं ग्रंथींतच बनतं असं नाही. व्यायामानं कामाला लागलेला स्नायू रक्तातल्या कच्च्या मालातून थोडंसं स्वतःच बनवून घेऊ शकतो, तिथल्या तिथं वापरतो. त्यानं बाईचा पुरुष होत नाही. पोरी हसल्या होत्या. वर्षा तेवढी स्वतःचा दंड दाबून बघत होती.

भरतीला तीन आठवडे राहिले असताना तिची आई शाळेत आली. व्हरांड्यात उभी राहिली, आत यायला तयार नाही.

"म्याडम, तुमी शिकलेल्या. माह्या पोरीला असं काहून झालं? तुमी काई देता का?"

एवढंच सांगायचं होतं — व्यायामानं होतं, बाई, पोरगी धडधाकट आहे. किती वेळ लागला असता? मी काय म्हणाले? — "मी तर काही देत नाही. बाहेरून घेत असेल तर मला ठाऊक नाही."

घेत नव्हती. मला माहीत होतं. भरतीत तिच्या जागी पूजा दिसत होती मला, म्हणून बोलले. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

बापानं तिला हिंगोलीला डॉक्टरकडं नेलं. रक्त काढलं, कपडे काढून तपासलं. पोरगी बाई आहे का, ते बघायला! सगळं ठीक निघालं. पण रिपोर्ट घरोघर कोण वाचून दाखवणार? घरच्यांनी तिचं मैदानावर येणं बंद केलं. भरतीचा दिवस गेला.

त्यानंतर ती माझ्या दारात आली. रडली नाही.

"मॅडम, तुमीच शिकवलं होतं न्हाई का? तुमाला बराबर ठाऊक होतं. मंग काहून?"

मी म्हणाले, भाजी करपतेय — आणि आत गेले. गॅस पेटवलेलासुद्धा नव्हता. स्वयंपाकघरात भिंतीकडं तोंड करून उभी राहिले, तिच्या चपलांचा आवाज दूर जाईपर्यंत. भित्री. दुसरा शब्द नाही.

वर्षभरात तिचं लग्न लावून दिलं, वाशीमकडं. दुसरी भरती आली, तेव्हा तिला लेकरू झालं होतं. पूजा पहिल्याच भरतीत पोलिसात लागली होती. तेव्हा मी पेढे वाटले, तांड्यावरही पाठवले — एवढी मी निर्लज्ज.

लोकांचा राग करून बघितला. त्या बायकांचा, त्या बापाचा. जमत नाही. त्यांना माहीत नव्हतं. मला होतं.

वर्षाची आई अजून आठवडी बाजारात भेटते. लेकीनं तिला काही सांगितलेलं दिसत नाही. पोरींसाठी झटणारी बाई म्हणून मला हात जोडते. मी तो नमस्कार घेते.