मार्चअखेरचं फुरसं

दुपारचं जेवण अंगावर आलंय. खासदार हेरंब परुळेकर समितीच्या दालनात मान टाकून पेंगतायत. पुढ्यात त्यांनीच लिहिलेला घटनादुरुस्तीचा मसुदा आहे: केंद्र सरकारने वर्षाच्या उत्पन्नाबाहेर दमडीही खर्च करायची नाही, सूट फक्त युद्धाला. चार वाजता सही. मग आपलं नाव इतिहासात जाणार, अशी त्यांची गोड समजूत आहे.

समोरच्या खुर्चीत कोणीतरी मसुदा वाचतंय. पांढरी साडी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तालुक्याच्या दवाखान्यातल्या मेट्रन, सुलभा रेडकर. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली हे परुळेकरांना ठाऊक आहे, तरी ते चहा सांगतात.

"छान लिहिलंय हो," मेट्रन म्हणतात. "युद्धाला सूट. फुरशाला?"

"नियम म्हटला की शिस्त आली, बाई."

"मग फुरशांना तसं कळवा. मार्चअखेर चावू नका म्हणावं."

दालनाला आता भिंत नाही. दवाखान्याचा व्हरांडा आहे, काजूच्या बोंडांचा वास आहे, आणि बाकावर पाय सुजलेली एक बाई निजली आहे. परुळेकर तेव्हा कोषागार अधिकारी होते. सर्पदंशाच्या लसीचं बिल त्यांनी अकरा दिवस ड्रॉवरमध्ये दाबून ठेवलं, का तर वर्षाचा जमाखर्च जुळलेला दिसावा. पैसे मिळेपर्यंत पुरवठादार बाटल्या देईना. त्या वर्षीचा जुळलेला जमाखर्च साहेब आजही भाषणांत छाती काढून सांगतात.

"आकडे तर जुळले होते," ते पुटपुटतात.

"जुळणारच. ही गेली तीस मार्चला, लस आली तीन एप्रिलला. हिचं नाव काय?"

परुळेकर बाकाकडे बघतात. त्यांनी ते कधी विचारलेलंच नाही.

"मला तुमचा राग नाही हो," मेट्रन म्हणतात. "राग यायला समोरचा तेवढ्या योग्यतेचा लागतो." त्या त्यांच्या हातात काहीतरी ठेवतात आणि मूठ मिटतात. त्यांची बोटं गार आहेत.

"साहेब, सगळे सहीला थांबलेत." स्वीय सहायक खांदा हलवतोय.

परुळेकर डोळे उघडतात, मग मूठ. तळव्यावर औषधाच्या बाटलीचं ॲल्युमिनियमचं बूच आहे, कोरं करकरीत. ते क्षणभर त्याच्याकडे बघतात. मग टेबलाचा ड्रॉवर ओढून ते आत टाकतात, ड्रॉवर नीट बंद करतात आणि पेन मागतात.