अकरा ओळी कोणाच्या

"आडनाव बघितलंस का स्वतःचं? हे परदेशात गेलं तर कॉलेजची अब्रू जाईल."

विभागप्रमुख सर हे भर लॅबमध्ये, विद्यार्थ्यांसमोर म्हणाले. मग त्यांनी माझ्या पॅचवरचं माझं नाव खोडलं आणि स्वतःचं टाइप केलं. दोन बोटांनी, अक्षरं शोधत. मुलं हसली. माझ्याकडे बघून.

नव्वदच्या दशकाची अखेर. नगरजवळचं इंजिनिअरिंग कॉलेज. मी कोल्हारच्या बौद्ध घरातली, हंगामी लॅब असिस्टंट. आमच्या एका मशीनला सहा टर्मिनल, म्हणजे पडदा आणि कीबोर्डच्या सहा जोड्या, जोडलेल्या होत्या. सहाही मुलं एकदम टाइप करू लागली की अक्षरं गळायची. दोष लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये होता. तीन आठवडे खपून, एका जागी क्षणभराचा विलंब टाकून, मी तो अकरा ओळींत दुरुस्त केला. अशी दुरुस्ती म्हणजे पॅच. तो ईमेलनं जगभरच्या जाणकारांपुढं ठेवायचा. रीत साधी. मजकूर साधा, बदल एकच, कारण स्पष्ट. आणि लिहिणाऱ्यानंच प्रश्नांना उत्तरं द्यायची.

सरांनी पॅच शोभिवंत केला. वर्ड प्रोसेसरमध्ये घालून ओळी सरळ केल्या. वर "आदरणीय महोदय". खाली पदव्या. पदव्यांना तीन ओळी लागल्या.

पाठवल्यावर तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. कर्नलचा तो भाग सांभाळणाऱ्या माणसानं ईमेल यादीवरच्या सगळ्यांसमोर इंग्रजीत लिहिलं होतं. पॅच कोडला लागत नाही, ओळींमधल्या मोकळ्या जागा बिघडवल्यात. बायोडेटा नको. आणि हा विलंब नेमका इथंच का टाकला?

"उद्धट आहेत हे लोक," सर म्हणाले.

उद्धट होताच तो. पण त्यानं बोट ओळीवर ठेवलं होतं, आडनावावर नाही.

"उत्तर तू लिही. नाव माझंच राहू दे. मार्चमध्ये तुझी मुदतवाढीची ऑर्डर माझ्याच सहीनं निघते, लक्षात आहे ना?"

शिपाई मामा दारात होते. हळूच म्हणाले, "लिहून टाक, बाई. नाव काय खायाचं हाय? नोकरी ऱ्हायली पायजे."

"मामा, सरांना खायाचंच हाय."

मग सरांकडे वळून म्हटलं, "विलंब इथंच का, ते तुम्ही सांगा. पॅच तुमचा आहे ना, सर?"

सर पडद्यावर वरून खाली बोट फिरवू लागले. अकरा ओळी. एकही वाचता येईना. पंधरा वर्षं हा माणूस हाच विषय शिकवत होता.

त्याच दुपारी मी मूळ फाइल पाठवली. माझ्या पूर्ण नावानं, आडनावासकट. दोन दिवसांनी त्याच माणसानं सातव्या ओळीत चूक काढली. खरी चूक. माझी. मी ती दुरुस्त करून पुन्हा पाठवली. पॅच घेतला की नाही ते कळायच्या आत मार्च आला. ऑर्डर निघाली नाही.

त्यानंतर जिथं जिथं काम केलं, तिथं पहिल्याच दिवशी सांगत आले. माझ्या कामावर माझंच नाव राहील. चूक निघाली तर शिव्याही मीच खाईन. त्यासुद्धा दुसऱ्या कुणाला घेऊ देणार नाही.