भिंगरीचं रक्त

सोफे शिवणाऱ्या त्या कारागिराला सगळे भिंगरी म्हणत. एका जागी टेकणं त्याला ठाऊकच नव्हतं. एचआयव्ही असल्याचं कळल्यावर तर तो पार सैरभैर झाला. पूर्वी बारीक खिळे तोंडात धरून एकेक काढून ठोकायचा. ती सवय सोडली. बोटाला खिळा लागला की खुर्ची अर्धवट टाकून हात धुवायला पळायचा.

वर्षं गेली तरी विषाणू फारसा वाढेना. डॉक्टरीणबाई गोळ्या सुरू करा म्हणून मागे लागल्या होत्या. हा टाळायचा. "त्रास तर काहीच नाही, मग कशाला?"

एकदा त्यांनी वेगळंच काढलं. "तुमच्या रक्तातल्या, विषाणू शिरलेल्या पेशींना मारणाऱ्या मारक पेशी फार तडफदार दिसतात. त्यांच्यावरचे रिसेप्टर दुसऱ्या पेशीवरची ओळखीची खूण चाचपतात. खूण नीट असली तर मारक पेशी स्वतःला आवरते, बिघडलेली असली तर तुटून पडते. तुमचे रिसेप्टर आणि तुमच्या खुणा, दोघांचं छान जमलंय बहुतेक. हे आईबापांकडून येतं. सख्ख्या भावंडाचं रक्त मिळालं तर माझ्या अभ्यासासाठी ताडून बघता येईल."

सख्खी एकच, मोठी बहीण. आणि तिला यातलं काही माहीत नव्हतं.

आठवडाभर त्याला अन्न गोड लागेना. ताईच्या दारापर्यंत जायचा, माघारी फिरायचा. शेवटी तीच दुकानात आली. खुर्चीचा फाटलेला हात कुरवाळत म्हणाली, "काय रे, घरावरून जातोस आणि आत येत नाहीस?"

त्याने सांगून टाकलं. उभ्याउभ्याच.

ताईने झटकन हात मागे घेतला. "माझ्या पोरांना काही नाही ना होणार?"

"नाही गं. असं शिवल्याने, जेवल्याने होत नाही."

तिचा आवाज चढला. "म्हणून माझ्याकडे पाणीसुद्धा पीत नव्हतास? मी आपली समजत होते, तुला माझा राग आलाय!"

"तू मला हाकललं असतंस तर?"

"मेल्या, निदान विचारायचंस तरी!"

रक्त द्यायला ती आली खरी. सुई बघून त्याच्यापेक्षा जास्त ओरडली.

निकाल आला. ताईकडे तसेच रिसेप्टर होते, पण त्यांच्या जोडीची खूण नव्हती. "म्हणजे भांडकुदळपणा दोघांकडे, पण कामाचा तुझाच," ताई म्हणाली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. भिंगरीच्या रक्तात विषाणू हळूहळू वाढू लागला होता.

"माझ्या पेशी दमल्या का?"

"सतत लढण्यानेही शरीर झिजतं. आता त्यांना मदत हवी."

तो खोलीत येरझारा घालू लागला. इतकी वर्षं, आपल्याला गोळ्या लागत नाहीत, या एका गोष्टीवर तो तगून होता. ताईने त्याची बाही ओढून त्याला बाकावर बसवलं.

गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या. पुढच्या तपासणीत विषाणू सापडण्याइतकाही उरला नव्हता. बाईंच्या अभ्यासासाठी तो अजून रक्त देतो. परतताना ताईकडे जेवतो, आणि धुतलेला हात वाळायच्या आत निघतो.